लाल कोटवाल्याबद्दल तक्रार

स्वित्झर्लंड,
२६ नोव्हेंबर २००२

मामूंना फरहानचा सलाम.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. तब्येत बरी आहे. थंडीचं मात्र विचारूच नका, सकाळी बाहेर पडलं की मिशी कडक होते.

आमचं हॉटेल दुसऱ्या मालकानं घेतलं, त्यामुळं माझ्या कामात थोडा बदल झाला. काळजीचं कारण नाही. इथं जगभरातून लोक पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरायला येतात. आता त्यांचं वरून खालपर्यंत सगळं माझ्याच हातात असतं. मी हात वर केला की माणसं हलतात, नाही केला तर सगळं जागच्या जागी थांबतं. पगार जवळपास तोच आहे.

सोबत या गावाचं चित्र असलेलं कार्ड पाठवतोय. भिंतीला लावा. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर आणून घ्या, उगाच चालढकल करू नका.

तुमचा
फरहान

*

भोर,
१० डिसेंबर २००२

चि. फरहानला अल्लाउद्दीन मामूची दुवा.

तुझं पत्र ईदेच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. शिरखुर्मा संपला होता, पर पत्रानं पुन्यांदा तोंड गोड झालं. ‘वरून खालपर्यंत सगळं माझ्याच हातात’ हे म्या चार येळा वाचलं आन् मग डेपोच्या कँटीनात जाऊन मोठ्यानं वाचून दाखवलं. गेनू ड्रायव्हर म्हणाला, म्हंजे मॅनेजरच की. म्या म्हणलं, मग काय तर, ज्याचा हात वर झाल्याबिगर माणूस हलत न्हाई त्याला दुसरं काय म्हणत्यात? बत्तीस वर्षं कंडक्टरकी केली, माझ्या घंटीबिगर हिर्डोशीची गाडी कधी हलली न्हाई, पर वरून खालपर्यंत सगळं काय माझ्या हातात आलं न्हाई. वर डेपो मॅनेजर, खाली पॅसेंजर आन् मदी आमी. तू नाव काढलंस. दिवस मावळायच्या आत सगळ्या भोरात झालं की अल्लाउद्दीन कंडक्टरचा भाचा फॉरेनात मॅनेजर झाला.

आता पुढची गंमत ऐक. कार्डाच्या मागं बारीक इंग्रजी अक्षरं होती. स्टँडासमोर नवा कंप्युटर क्लास निघालाय, तितं कार्ड नेऊन दाखवलं. तितं किकवीच्या इरफानभाई हाटेलवाल्याची पोरगी नुजहत शिकवती. ती म्हणाली, काका, ह्यो तर इंटरनेटचा पत्ता हाय, त्या गावानं डोंगराच्या पायथ्याला कॅमेरा बसवलाय, दर दहा मिनटाला नवा फोटो पडतो. दाबलं तिनं काहीतरी. फोटो वरून खाली सावकाश उतरला. आदी आभाळ, मग पांढराफेक डोंगर, मग तारा आन् तारांना टांगलेले पाळणे. आंबवड्याच्या जत्रेतला पाळणा जागच्या जागी गोल फिरतो, ह्यो सरळ डोंगरातच निघून जातो. डोळ्याचं पारणं फिटलं बघ.

तू काय दिसला न्हाईस. हापिसात असशील. पर पाळण्यापाशी एक लाल कोटवाला होता, तोंडाला मफलर, डोळ्याला हा एवढा गॉगल, आन् खांबाला टेकून उभा. पाच फोटो बघितले, पठ्ठ्या टेकलेलाच. तुझ्या हाताखालचा असंल तर त्याला येळीच मेमो दे.

तुझा
मामू

*

स्वित्झर्लंड,
२२ डिसेंबर २००२

मामूंना सलाम.

तो कॅमेरा भोरात दिसतो हे मला खरंच माहीत नव्हतं. माहीत असतं तर आधीच सांगितलं असतं. पण रोज रोज क्लासात जाऊ नका, त्या पडद्यानं डोळे जातात असं इथले लोक म्हणतात. शिवाय आपली वेळ वेगळी. तुमच्याकडं दुपारचे अडीच वाजतात तेव्हा इथं सकाळचे दहा. म्हणजे दर वेळी साडेचार तास वजा करत बसायचं, तुम्हाला नसता ताप.

राहता राहिला तो लाल कोटवाला. मामू, तो माणूस वाईट नाही. पाळणा कधी थांबत नाही, मागून येतो आणि चालता चालताच माणसाला उचलतो. म्हातारी माणसं, लहान मुलं गडबडतात, तोंडावर पडतात, त्यांना सावरायचं काम त्याचं. सकाळी सातपासून उभा असतो. टेकला असेल जरा. कधीकधी माणूस टेकतो.

आणि मी मॅनेजर झालो असं मी लिहिलं नव्हतं बहुतेक. पत्र पुन्हा एकदा बघा. असो.

तुमचा
फरहान

*

भोर,
५ जानेवारी २००३

चि. फरहानला दुवा.

मॅनेजर होऊनबी तुझी मान वर चढली न्हाई, बरं वाटलं. तुझ्या अम्मीचा गुण हाय तो. ती आज असती तर तिनं सगळ्या गल्लीत खजूर वाटला असता.

डोळ्याची तू काळजी करू नगंस. दुपारी अडीचला जातो, नुजहत पान उघडून ठिवती, तासभर बसतो. वही घातलीया. बत्तीस वर्षं वेबिलावर तिकिटांचा हिशेब लिवण्यात गेली, हात कसा गप बसंल? फोटोगणिक किती पाळणे भरलेले, किती रिकामे, सगळं लिवतो. मंगळवारी तुमच्या पाळण्याचं भारमान चाळीसच्या खाली गेलं होतं. आमच्या डेपोत एवढं रिकामं जायला लागलं की फेरीच बंद करत्यात. तुमी बाकी चालू ठिवता, शिरीमंत लोक.

पर तुझा तो लाल कोटवाला. तू त्याची बाजू घेतोस, तुझा सोबाव मऊ हाय, त्याचा तो फायदा घेतो. एक, खांबाला टेकणं काय त्यानं सोडलं न्हाई. दोन, त्यानं आता थर्मास आणलाय, तो पाळण्याच्या वाटेतच ठिवतो, उद्या कुणाचा पाय लागंल. आन् माणसं चढत्यात तितला बर्फ फावड्यानं सपाट करायला काय हुतंय? एवढा ढीग साठलाय. माझ्या गाडीच्या पायरीवर असला चिखल म्या कधी ठिवला न्हाई.

आता मेन गोष्ट. नुजहत. पोरगी शिकलेली, कंप्युटर इंजिनेर हाय. रोज किकवीवरनं यष्टीनं येती जाती, आवाज चढवून बोलत न्हाई आन् कुणाचं ऐकूनबी घेत न्हाई. म्या गेल्या रविवारी इरफानभाईकडं शब्द टाकला. म्हणलं, भाचा स्वित्झर्लंडात मॅनेजर हाय, मागंपुढं कुणी न्हाई, मी एक म्हातारा. त्यांनी भजी खायला घातली आन् इचार करतो म्हणाले. पोरीनं नकार दिलेला न्हाई. तिनं तुझा फोटो मागितला, म्या दहावीचा हाय तो दिला.

तुझं मत कळव. म्हंजे होच कळव.

मामू

*

स्वित्झर्लंड,
१८ जानेवारी २००३

मामूंना सलाम.

दहावीचा फोटो का दिलात? त्यात माझे कान बघवत नाहीत.

मुलीबद्दल तुम्ही लिहिलं ते वाचून बरं वाटलं. खूप बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण एवढी घाई करू नका. मॅनेजर वगैरे इरफानभाईंना सांगण्याआधी मला विचारायला हवं होतं. सविस्तर नंतर लिहितो, आज हात गारठलेत.

फरहान

ता. क. थर्मास वाटेत नसतो, खांबाच्या मागं असतो. कॅमेऱ्यातून तसा दिसत असेल.

*

भोर,
२ फेब्रुवारी २००३

चि. फरहानला दुवा.

म्हंजे तू त्याला बोललास. नाकबूल करू नगंस. पंधरा दिवस झालं, लाल कोटवाला खांबाला टेकत न्हाई, ताठ उभा ऱ्हातो. थर्मास गायब. आन् बर्फ तर असा सपाट केलाय की जणू शेणानं सारवलाय. म्या नुजहतला म्हणलं, बघ, मॅनेजर असा पायजे, हितनं चिठ्ठी जाती आन् तितं माणूस सुधारतो. ती नुसतीच ‘हो काका’ म्हणाली आन् तोंड फिरवून खोकली.

पर त्या माणसाची एक खोड बाकी हाय आन् ती लिवतानाबी मला लाज वाटती. तो बायामाणसांना कमरंला धरून पाळण्यात बसवतो. तीन फोटोत बघितलं. एकीला तर दोन्ही हातांनी. बत्तीस वर्षांत म्या बायकांना नुसतं ‘ताई, पुढं सरका’ म्हणलं, तेबी दुसरीकडं बघत. तुला हे दिसत न्हाई का तुला बोलवत न्हाई ते ठाऊक न्हाई, म्हणून म्या सरळ वरच्या हापिसाला तक्रार केली. त्या पानावर पत्ता हाय. म्या मराठीत सांगितली, नुजहतनं इंग्रजीत टाईप केली आन् धाडली. लाल कोटवाला कामचुकार आन् वंगाळ चालीचा हाय, त्याला पाळण्यावरनं काढून टाका, असं कडक लिवलंय. तुझं नाव घातलं न्हाई, काळजी नगं.

आता इरफानभाईचं. त्यांची एक अट हाय. मागल्या साली वेल्ह्याकडं एका घरात लगीन झालं, नवरदेव दुबईला इंजिनेर म्हणून. निकाह झाल्यावर तो पनवेलच्या ग्यारेजात सापडला, टायर काढताना. तवापासून फॉरेन म्हणलं की इरफानभाई कपाळाला आठ्या घालतात. ते म्हणाले, कॅमेरा हायच ना, मग पोराला एक दिवस सुटाबुटात त्याच्यासमोर उभा ऱ्हायला सांगा. मॅनेजर हाय हे आमी आमच्या डोळ्यांनी बघू, तितंच सुपारी फोडू. दिसला न्हाई तर विषय बंद. म्या म्हणलं, येवढंच ना. दिवस आन् टाईम तू सांग.

मामू

*

स्वित्झर्लंड,
१६ फेब्रुवारी २००३

मामूंना सलाम.

बकरी ईद इथं कशी गेली ते विचारू नका. ब्रेड आणि अंडी.

तुम्ही तक्रार केलीत ते वाचून मला दरदरून घाम फुटला, आणि इथं उणे चौदा आहे. पण मामू, त्या तक्रारीत नेमकं लिहिलं होतं काय? तुमचं पत्र यायच्या आठवडाभर आधीच ऑफिसात सगळ्यांना एकत्र बोलावलं होतं. मोठ्या साहेबानं एक मेल वाचून दाखवला, हिंदुस्थानातून आलेला. त्यात लिहिलं होतं की तुमच्या पाळण्यापाशी लाल कोटातला जो माणूस आहे त्याच्यासारखा कष्टाळू आणि सभ्य माणूस आम्ही पाहिला नाही, त्याला सांभाळून ठेवा. त्या लाल कोटवाल्याला सगळ्यांसमोर मोठा चॉकलेटचा डबा मिळाला. तो नुसता बघतच राहिला. मला वाटतं, टाईप करताना काहीतरी घोटाळा झाला.

आणि कमरेला धरल्याशिवाय इथं चालत नाही. धरलं नाही तर बाई पाळण्याखाली जाईल. तो त्या वेळी दुसरीकडंच बघतो, मी खात्रीनं सांगतो.

इरफानभाईंच्या अटीचा मी खूप विचार केला. तीन पत्रं लिहिली आणि फाडली. तुम्ही सगळ्या भोरात सांगून बसलात, आता तुमची मान खाली जाईल असं मी काही करणार नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारी, तीस तारखेला, इथल्या सकाळी दहाला मी सूट घालून पाळण्यासमोर उभा राहीन. पंधरा मिनिटं, म्हणजे एक फोटो नक्की मिळेल. तुमचे अडीच. त्याआधी नको, गर्दीचे दिवस आहेत.

फक्त एक करा. मला बघून झालं की लगेच ते पान बंद करा. उगाच पुढचे फोटो बघत बसू नका.

फरहान

*

भोर,
२ मार्च २००३

चि. फरहानला दुवा.

चॉकलेटचा डबा? त्या माणसाला? नुजहतला विचारलं तर म्हणाली, काका, इंग्रजीत कधीकधी उलटं होतं. असली कसली ती भाषा.

तीस तारीख पक्की. इरफानभाई, त्यांची बीवी आन् थोरला भाऊ येणार. एक वाजता माझ्याकडं जेवण, बिर्याणी शेजारच्या मेहनाजखालाच्या हातची, सव्वादोनला उठायचं आन् क्लासात जायाचं. रविवार हाय, क्लास बंद, चावी नुजहतपाशी. ती आदीच जाऊन मशीन चालू करून ठिवणार, लाईन लागायला येळ लागतो म्हणून.

केस कापून घे. हसू नगंस जास्त. मॅनेजर हसत न्हाईत.

मामू

*

स्वित्झर्लंड,
३० मार्च २००३, संध्याकाळ

मामू,

आज काय झालं ते मला आत्ता, दिवसभराचं काम संपल्यावर कळलं आणि मी तेव्हापासून बूट न काढता बसलोय.

सूट हॉटेलातल्या वेटरचा मागून आणला होता. पँट घोट्याच्या वर येत होती. बरोबर दहाला मी कॅमेऱ्यासमोर जाऊन उभा राहिलो, पंधरा मिनिटं, हलायचं नाही, हसायचं नाही. मग आत पळालो आणि परत कामाला लागलो. संध्याकाळी सोबतचा माणूस जांभया देत होता. म्हणाला, आज एक तास झोप बुडाली, रात्री सगळ्यांची घड्याळं पुढं केली ना, उन्हाळ्याची वेळ सुरू झाली. मला तर सकाळीच भिंतीवरच्या घड्याळावरून कळलं होतं की ते पुढं आहे, पण मी समजलो जगभराचीच घड्याळं पुढं गेली असतील. नुसत्या युरोपची जातात, भोरची जात नाहीत, हे मला कोण सांगणार होतं? म्हणजे मी सूट घालून उभा होतो तेव्हा तुमच्याकडं दीडच वाजला होता. तुम्ही बिर्याणी खात होता.

आणि अडीचला तुम्ही काय पाहिलं असेल ते मला माहीत आहे. तुम्ही लाल कोटवाला पाहिलात. मामू, तो मीच आहे.

हॉटेल विकलं तेव्हा स्वयंपाकघरातली आम्हा सहाजणांची नोकरी गेली. पाळण्यावर माणूस हवा होता, मी लागलो. वरून खालपर्यंत म्हणजे तेच, पाळणे वर जातात आणि खाली येतात. मी खोटं लिहिलं नाही आणि खरंही लिहिलं नाही. तुम्ही मॅनेजर म्हणालात, मला ते दुरुस्त करवेना. तुम्ही एवढे खूश होता. नंतर मुलीची गोष्ट निघाली आणि मग तर हिंमतच झाली नाही. मला वाटलं, एकदा सूट घातला की निभावेल.

तुमची मान खाली जाऊ नये म्हणून केलं आणि नेमकी तीच खाली घालायला लावली. मला माफ करा. इरफानभाईंची मी स्वतः लिहून माफी मागतो. मुलीला सांगा, माझा फोटो परत द्यायची गरज नाही, फाडून टाका.

फरहान

*

भोर,
३१ मार्च २००३

फरहान,

दुवा लिवत न्हाई. पत्र संपेपर्यंत राग उतरला तर शेवटी लिवीन.

काल अडीचला आमी सगळे क्लासात. मी इस्त्रीचा सदरा घातलेला, इरफानभाईंनी अत्तर लावलेलं, पुढ्यात सुपारीचं तबक. नुजहत मशीनपाशी. फोटो उतरायला लागला, आदी आभाळ, मग डोंगर. खाली आलं काय तर लाल कोट. तू कुठंच न्हाईस. इरफानभाई म्हणाले, कुठाय मॅनेजर? म्या म्हणलं, येईल, तो कामचुकार मदीच उभाय, त्याला हटवून येईल. दहा मिनटं आमी एकमेकांची तोंडं बघत बसलो.

दुसरा फोटो उतरला. एक म्हातारी बाई पाळण्यापाशी घसरली होती, तिची टोपी लांब पडलेली. लाल कोटवाल्यानं पाठ खांबाला घट्ट टेकवलेली, एक पाय मुडपून, दोन्ही हात मोकळे आन् त्या हातांत म्हातारी झेललेली. गॉगल नव्हता, मफलर सुटला होता. तोंड एवढंसं, मसुराच्या डाळीयेवढं. तोंडावरनं काय कळणार? म्या उभं ऱ्हाण्यावरनं वळखलं. वरंधा घाटात गाडी वळणावर झुकली की दांडीला पाठ टेकवायची, एक पाय मुडपायचा आन् हात मोकळे ठिवायचे, म्हंजे आपण पडत न्हाई आन् पडणाऱ्याला धरता येतं. हे तुला सात वर्षांचा असताना कुणी शिकवलं? म्या शिकवलं. आन् तीन महिने त्याच टेकण्याला म्या आळस म्हणत बसलो, वहीत लाल शाईनं लिवत बसलो. मला काल त्या खुर्चीवर बसवेना, फरहान.

नुजहत हळूच म्हणाली, “काका, हेच ना ते?”

खोटं बोलायला वाव होता. तो आजारी पडला असंल, कॅमेरा बिघडला असंल, काय वाट्टेल ते. पर तुला त्या म्हातारीला धरलेला बघून जीभ वळंना. म्या म्हणलं, “व्हय. माझाच भाचा हाय.”

इरफानभाई उठले. म्हणाले, म्हंजे जत्रेतला पाळणेवाला. मॅनेजर म्हणाला होता ना तो? आता मला राग आला. म्या म्हणलं, तो न्हाई म्हणाला. म्या म्हणालो. त्याच्या पत्रात मॅनेजर ह्यो शब्दच न्हाई, म्या डिसेंबरपासून ते उशाला घेऊन झोपतो, मला पाठ हाय. पोराला नाव ठिवायचं न्हाई. इरफानभाईंनी चहा घेतला न्हाई. तबक तसंच उचलून घरी आणलं.

तू मला सांगायला पायजे होतंस. म्या तुला बापाच्या जागी वाढवला आन् तू मला असं समजलास, की पाळण्यावर काम करतो म्हणलास तर मी तुला कमी लेखीन? गावात मिरवायची हौस माझी, आन् त्यापायी तू परमुलखात दुसऱ्याचा सूट मागत फिरला असशील. (सूट घातला का न्हाई मला ठाऊक न्हाई, पर घातला असंलच तर मागूनच आणला असशील, तुझ्यापाशी सूट न्हाई हे काय मला म्हाईत न्हाई?)

स्थळ बहुधा गेलं. माझ्यामुळं गेलं. कँटीनात आज जाऊन सांगितलं, भाचा मॅनेजर न्हाई, पाळण्यावर हाय, पडणाऱ्या माणसांना धरतो. गेनू म्हणाला, म्हंजे कंडक्टरच की. बरं वाटलं मला.

तब्येतीला जप. आन् टेकत जा. दिवसभर ताठ उभं ऱ्हाऊन पाय सुजतील.

दुवा.
मामू

*

किकवी,
३ एप्रिल २००३

फरहान यांना नुजहतचा सलाम.

मी तुम्हाला असं परभारे पत्र लिहितेय हे अब्बांना माहीत आहे. अम्मीनंही वाचलंय. काकांनी पत्ता दिला आणि देताना तीनदा नाक शिंकरलं.

लाल कोटातले तुम्हीच आहात हे मला जानेवारीतच कळलं होतं. कसं ते सांगते. काका पत्र टाकायच्या आधी मला वाचून दाखवायचे. लाल कोटवाला टेकतो म्हणून त्यांनी लिहिलं आणि बरोबर बारा-तेरा दिवसांनी लाल कोटवाला ताठ उभा. थर्मासचं लिहिलं, थर्मास गेला. बर्फाचं लिहिलं, बर्फ सारवून घेतल्यासारखा सपाट. टपालाला जेवढे दिवस लागतात तेवढेच त्या माणसाला सुधारायला लागत होते. एवढं काही अवघड गणित नव्हतं. काकांना कळलं नाही कारण त्यांना वाटत होतं मॅनेजर त्याला झापतोय.

तक्रारीत घोटाळा झाला नव्हता. काका बोलत होते आणि मी मला दिसलं ते टाईप करत होते. तुमची नोकरी जाईल म्हणून घाबरले, तर उलट चॉकलेट मिळालं. माझा वाटा ठेवला असेल अशी आशा आहे.

आता रविवारचं. मी एकटीच क्लासात गेले होते. दीडच्या सुमाराला पान उघडलं तर तुम्ही सुटात उभे. पँट आखूड होती. मान अशी ताठ की मला वाटलं कुणी पाठीत फळी घातलीय. मी तो फोटो साठवून ठेवला. पुढच्या फोटोत तुम्ही परत लाल कोटात. अडीचला सगळे बसले, तुम्ही दिसला नाहीत, अब्बा चिडले. त्या वेळी एक बटण दाबून मी सुटातला फोटो दाखवू शकले असते. अब्बा तिथंच सुपारी फोडून मोकळे झाले असते. माझं बोट त्या बटणावर होतं. पण मग त्या म्हातारीला धरलेला फोटो उतरला आणि मी बोट काढलं. सुटातला माणूस मला ओळखीचा वाटेना. तो फोटो मी नंतर पुसून टाकला, त्याबद्दल माफ करा. दुसरा ठेवलाय.

माझ्याबद्दलही तुम्हाला चुकीचं कळलंय. मी इंजिनिअर नाही. काका सगळ्यांना तसं सांगतात. मी बारावी झालेय, सहा महिन्यांचा कोर्स केलाय, आणि सकाळी क्लास उघडला की झाडू आधी मीच मारते. हे ऐकून तुम्हाला नकार द्यायचा असेल तर द्या, मी रडत बसणार नाही. वाईट वाटेल, ते वेगळं.

अब्बांचा राग बराच उतरलाय. काल जेवताना ते म्हणाले, तो पनवेलवाला टायर लपवत होता, हा निदान उघड्यावर काम करतो, तेही साऱ्या जगाला दिसेल असं. मग म्हणाले, पण बर्फ वितळल्यावर हा पोरगा करणार काय? मी म्हटलं, ते आपण त्यालाच समोर बसवून विचारू. यावर त्यांनी भात वाढून घेतला. अब्बा नाही म्हणणार असतील तर ताटावरून उठतात.

त्यांचं अजून ठरायचंय. माझं ठरलंय.

तुमच्या पानावर खाली लिहिलंय की वीस एप्रिलला पाळणे बंद होतात आणि कॅमेराही काढून ठेवतात. त्यानंतर मी दुपारी अडीचला काय बघायचं? तेव्हा तुम्हीच या.

नुजहत